आवर्तन मिक्सरचा मी कोणी नाही

वकिलाची नोटीस लोकांना येते. मी ती मागवली, आणि तीही अत्यंत नम्र भाषेत, सोबत गणपतीचा फोटो जोडून.

मी धनेश साटम. लालबागला राहतो, आमच्या जुन्या चाळीच्या जागी जो टॉवर उभा राहिला त्याच्या चौदाव्या मजल्यावर. लोअर परळच्या एका छापखान्यात मी एस्टिमेट काढायचो. तो छापखाना बंद पडला तेव्हा दुसरीकडे नोकरी शोधायची सोडून मी घरी बसून वेबसाइट काढली, मिक्सर-ग्राइंडरची. लोक मिक्सर घेण्याआधी नेटवर शोधतात, माझ्या साइटवर येतात, कुठला चांगला ते वाचतात, तिथल्या लिंकवर बोट ठेवून एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतात आणि ते दुकान मला कमिशन देतं. साइटला नाव काय द्यावं याचा विचार मी एक चहा संपेपर्यंत केला. लोक सगळ्यात जास्त शोधतात तो आवर्तन कंपनीचा मिक्सर, म्हणून नाव ठेवलं आवर्तनमिक्सर डॉट इन. ते कोणीच घेतलेलं नव्हतं. एवढी मोठी कंपनी आणि इतकं साधं सुचू नये, असं म्हणून मी स्वतःची पाठ थोपटली. वर त्यांचा लाल गोल लोगोही लावला, कारण तो दिसायला चांगला होता.

लिहायचो मी, पण मिक्सर चालवायची आकांक्षा, माझी बायको. ती परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सीनियर टेक्निशियन आहे. आठवडाभर लोकांचं रक्त तपासते आणि रविवारी आमच्या ओट्यावर मिक्सर तपासायची. मालवणी वाटणाला कुठला मिक्सर टिकतो हे कळायला भाजलेलं सुकं खोबरं आणि कांदा लागतो, शिवाय खोटं न बोलणारी बाई लागते. झाकण उडतं, भांडं तापतं, वाटण खरबरीत राहतं, असं जे ती तोंडाने बोलायची ते मी वहीत टिपून, जरा सजवून साइटवर टाकायचो. साइट त्यावर चालली. अख्ख्या महाराष्ट्रातून बायका वाचायला येऊ लागल्या. आमचं घर तिच्या पगारावर आणि या साइटवर चालत होतं. तिचा पगार आधीपासून होता, त्यामुळे माझ्या नावाला जी काही किंमत होती ती सगळी त्या साइटची.

साइटवर माझा फोन नंबर होता. त्यावर बायकांचे फोन यायचे, की तुमचा मिक्सर बंद पडला, माणूस कधी पाठवताय. पहिल्यांदा मी खरं सांगितलं. मग सांगायचा कंटाळा आला, आणि खरं म्हणजे गोडीही लागली. आयुष्यात कधी कोणी मला एवढ्या अधिकाराने विचारलं नव्हतं. ‘बघतो हं ताई, कंप्लेंट नोंदवून घेतो,’ असं मी म्हणायचो. माहीमच्या एका बाईंना तर मी वॉरंटी कार्ड सांभाळून ठेवण्याबद्दल चार शब्द सुनावलेही. आकांक्षा लांबून ऐकायची आणि म्हणायची, अरे, तू कंपनीचा कोण? मी हसून सोडून द्यायचो.

आमच्या टॉवरच्या गणेशोत्सव मंडळाचा दर वर्षी अहवाल निघतो. त्यात जमाखर्च असतो, कार्यकर्त्यांचे फोटो असतात आणि बाकी जाहिराती. अहवालाची छपाई माझ्याकडे, कारण मला कागद कळतो. जाहिराती आणायचं काम मात्र ज्याची बाहेर ओळख आहे त्याच्याकडे असतं, आणि ते मला कधीच मिळालं नव्हतं. मागचं रंगीत पान मिळवणाऱ्याचा तर आरतीच्या वेळी सत्कार होतो. यंदा अध्यक्ष शरच्चंद्रकाका म्हणाले की मागच्या पानाला अजून कोणी नाही. काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत, ते कोणाला उद्देशून बोलत नव्हते. मी मात्र हात वर केला.

त्याच दुपारी मी आवर्तन कंपनीला ईमेल लिहिली. लिहिलं की आपल्या नावाची महाराष्ट्रातली सर्वांत लोकप्रिय वेबसाइट गेली काही वर्षं मीच चालवतो. सोबत वेबसाइटचा पत्ता दिला, कोणाला शोधावं लागू नये म्हणून. लोगो स्पष्ट दिसेल असे फोटो दिले, सोबत मंडळाच्या गणपतीचाही एक. आपले ग्राहक तक्रारी घेऊन माझ्याकडेच येतात आणि मी त्या आपुलकीने हाताळतो, हेही कळवलं. शेवटी लिहिलं, ‘आपण एकाच कुटुंबातले आहोत. म्हणून हक्काने मागचं पान मागतो.’ हे वाक्य लिहून झाल्यावर मला थोडं भरून आलं होतं, हे सांगायला आता लाज वाटते.

उत्तर आलं. ईमेलला जोडलेलं पत्र पीडीएफ होतं, वर तोच लाल गोल. मी तेव्हा सुताराकडे मखराच्या फळ्या बघत उभा होतो. उघडून वाचायची काय गरज, कंपनी नाही म्हणायला एवढं लांबलचक पत्र कशाला पाठवेल? मी ते तसंच मंडळाच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, ‘मागचं पान पक्कं. गणपती बाप्पा मोरया.’ भराभर अंगठे आले, हार आले, कोणीतरी माझा जुना फोटो फेटा चढवून टाकला.

काका मात्र बँकेतले. ते कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचतात. थोड्या वेळाने ग्रुपवर त्यांचं उत्तर आलं: ‘धन्या, ही जाहिरात नाही. तुझ्यावर केस करतायत. वर ये.’

अंगठे परत काढून घेता येतात हे मला त्या दिवशी कळलं.

आकांक्षाने मला त्याच संध्याकाळी दादरला एलिनाकडे नेलं. एलिना माझ्या कॉलेजची, मूळची माहीमची, आणि ट्रेडमार्कचीच वकिली करते. हे मला वर्षानुवर्षं माहीत होतं, पण साइटचं नाव घ्यायच्या आधी तिला एक फोन करावा असं कधी वाटलं नाही. तिने नोटीस वाचली, मग माझी ईमेल वाचली, मग चष्मा काढून बराच वेळ डोळे पुसले. ती रडत नव्हती.

मी बाजू मांडली. साइटच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं आहे की या साइटचा कंपनीशी काहीही संबंध नाही.

“खाली म्हणतोस संबंध नाही आणि पत्रात म्हणतोस कुटुंब,” एलिना म्हणाली. “त्यांच्या वकिलाला कामच ठेवलं नाहीस रे तू.”

मग तिने मला समजेल अशा भाषेत सांगितलं. आवर्तनचा मिक्सर चांगला आहे, वाईट आहे, दुसऱ्यापेक्षा बरा आहे, हे सगळं त्यांचं नाव घेऊन लिहायला कोणी अडवत नाही. लालबागच्या मसाला गल्लीत तू कोणाचाही मसाला वीक, कोणाचा विकतोस ते गिऱ्हाइकाला सांग, पण दुकानावर त्याची पाटी लावून बसलास तर लोक तुलाच तो समजणार. वेबसाइटचं नाव म्हणजे पाटी. आणि लोक फसतात का, हा जो कोर्टात सिद्ध करायला अवघड प्रश्न, त्याचं उत्तर तू स्वतःच लिहून दिलंस, की ग्राहक तक्रारी घेऊन माझ्याकडे येतात. वर तिने ज्या ऑनलाइन दुकानाकडून कमिशन यायचं त्याचे नियम उघडून दाखवले. त्यातही स्वच्छ लिहिलं होतं की दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव पत्त्यात चालणार नाही, खातं बंद होईल. ते नियम मी मान्य केले होते. मान्य आहे या चौकोनावर टिक मी केली होती, वाचलं नव्हतं.

शेवटी एलिनाने तह केला. नाव कंपनीला देऊन टाकायचं, लोगो काढायचा, जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कोणाला वळवायचंही नाही. त्या बदल्यात कंपनी नुकसानभरपाई मागणार नाही. मजकूर आमचाच राहील. पण लोक येत होते ते त्या नावाने शोधत. नाव गेलं की पाच वर्षांची साइट कोणालाही सापडणार नव्हती.

आता मला काहीतरी करून दाखवायचं होतं. तेही एकदम, सगळ्यांसमोर, कारण पडलो होतो सगळ्यांसमोर. विचार केला की या साइटमध्ये खरं कोण होतं? आकांक्षा. मग नाव तिचंच. आकांक्षाचंवाटण डॉट इन हे नाव मी गुपचूप घेतलं. चुलतभावाच्या हळदीतला तिचा हसरा फोटो वर लावला, खाली लिहिलं, ‘आकांक्षावहिनी सांगतात तोच मिक्सर घ्या.’ आणि अहवालाचं मागचं पान रिकामं होतंच. तिथे तीच जाहिरात पूर्ण रंगात छापली. छपाई माझ्याकडे, त्यामुळे कोणाला विचारायचा प्रश्न नव्हता.

अहवालाचं प्रकाशन तळमजल्याच्या पार्किंगमध्ये झालं. काकांनी प्रत वर धरून मागची बाजू सगळ्यांना दाखवली. टाळ्या पडल्या, बायका आकांक्षाला कोपरखळ्या मारायला लागल्या, आणि माझा जो सत्कार रद्द झाला होता तो आयत्या वेळी करून मला शाल घातली. मी शालीआडून आकांक्षाकडे बघितलं. ती ते पान बघत होती. माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, गहिवरली असेल.

वर गेल्यावर तिने अहवाल ओट्यावर उपडा ठेवला.

“मला विचारलंस?”

मी म्हणालो, अगं, सरप्राइज होतं.

“मला विचारलंस का, धनेश?”

“तुला काय विचारायचं? तू बायको आहेस माझी.”

“हां,” ती म्हणाली. “म्हणजे एकाच कुटुंबातले.”

मी शाल अजून काढली नव्हती.

मग ती बोलली, आवाज न चढवता. म्हणाली, मी रोज रिपोर्टवर सही करते. कोणाला कावीळ आहे, कोणाला नाही, ते माझ्या नावाखाली जातं. डॉक्टर त्या नावावर विश्वास ठेवतात. ते नाव करायला मला वीस वर्षं लागली. “त्या नावाखाली तू लिहिलंस, हाच मिक्सर घ्या. मी असं कधी बोलले? मी फक्त झाकण उडतं एवढंच बोलले. आणि उद्या याच्यावर फोन कोणाला येणार? वहिनींना.”

कंपनीची नोटीस आली तेव्हा मी घाबरलो होतो. आता मला नुसतं वाईट वाटत होतं, आणि ते फार वाईट वाटत होतं. कंपनीला निदान वकील होता. हिने पाच वर्षं रविवार दिले आणि मी तिची पाटी करून टाकली.

साइट मी त्याच वेळी बंद केली. पण अहवाल वाटून झाले होते. दुसऱ्या दिवसापासून मी पांढऱ्या कागदाचे तुकडे आणि गोंद घेऊन मजल्यामजल्याने फिरलो. बेल वाजवायची, अहवाल मागायचा, दारातच मागच्या पानावर कागद चिकटवायचा आणि परत द्यायचा. लोक कारण विचारायचे. मी सांगायचो, परवानगी घेतली नव्हती. कोणाची, म्हणून विचारायचे. बायकोची, म्हणून सांगायचो. काही पुरुष हसले, त्यांच्या बायका हसल्या नाहीत. शरच्चंद्रकाकांनी माझ्या हातातून गोंद घेतला आणि स्वतःची प्रत स्वतः चिकटवली, चारही कोपरे दाबून.

आता साइटचं नाव धनेशसाटम डॉट इन आहे. ते नाव कोणीच शोधत नाही, त्यामुळे नोटीस यायची भीती नाही. मी परत एका छापखान्यात अर्धा दिवस जातो. मधूनच एखादा फोन येतो, जुना नंबर कोणाकडे तरी लिहिलेला असतो. मिक्सर बंद पडलाय, माणूस पाठवा. मी सांगतो की मी आवर्तन मिक्सरचा कोणी नाही, आणि कंपनीचा खरा नंबर देतो. तो आता मला पाठ आहे.

रविवारी मिक्सर ओट्यावर येईनासा झाला होता. बरेच रविवार तसेच गेले. मग मागच्या रविवारी चिकन होतं. आकांक्षाने भाजलेलं खोबरं भांड्यात घातलं, बटण फिरवलं, झाकणावर तळहात दाबून धरला आणि थोड्या वेळाने बंद करून वाटण दोन बोटांत चोळून बघितलं.

“चांगलं बारीक करतो हा,” ती म्हणाली. “पण हात काढला की झाकण सुटतं.”

मी वही उघडली नाही. आधी विचारलं, हे साइटवर लिहिलं तर चालेल का? आणि लिहिलं तर कोणी सांगितलं म्हणून लिहू?

ती वाटण कढईत काढत राहिली. चमचा भांड्याला नीट पुसून घेतला. मग म्हणाली, “आत लिही माझं नाव. पाटीवर नको.”