धावदोरा

शिवणबाईंनी पँट उलटी करून मांडीवर घेतली आणि पायाशी घातलेली दुमड ब्लेडने उसवायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावरचे पोरगे ताडमाड वाढत होते. त्याच्या आईने सकाळी स्वतः वर येऊन पँट दिली होती, उंची वाढवून द्या म्हणून. ही दुमड मागे बाईंनीच घातलेली. स्वतःचा टाका उसवणे त्यांना सोपे जाई. शेवटी गाठ मारायची नाही, उलट टाके घेऊन दोऱ्याचे शेपूट दुमडीत दडवायचे, ही त्यांची रीत. नजर अधू झाल्यापासून ते शेपूट त्या बोटांनी शोधत.

या वेळी बोटाला गाठ लागली. जाडजूड, दुहेरी. तिच्या टोकाशी दोरा चपटा झाला होता.

दोरा दाताने तोडणारी एकच व्यक्ती बाईंना माहीत होती: शेजारच्या खोलीतली मैत्रीण, जिला अख्खी इमारत रेडिओ म्हणे. कधीकाळी तिला शिवण शिकवताना बाई वैतागून विचारत, की कात्री काय शोभेला ठेवलीय? रेडिओ हसे आणि पुन्हा दातच लावी.

बाईंनी पँट खिडकीपाशी नेऊन डोळ्यांशी धरली. नव्या टाक्यालगत सुईच्या जुन्या भोकांची रांग अजून कापडात होती. त्यांनी तिच्यावरून नख फिरवले. रांग सरळ निघाली, मग घसरली, दुमड सोडून भलतीकडेच गेली आणि बऱ्याच अंतराने परत आली. ती त्यांची होती.

भाचा केव्हापासून मागे लागला होता, की मावशी, माझ्याकडे राहायला ये. त्याच्याकडे बाल्कनीतली एक खाट होती आणि त्याच्या बायकोचे आंबट तोंड. बाईंचे उत्तर ठरलेले असे: लोक कपडे देताहेत तोवर मी हलत नाही. आणि लोक देत होते. तुला जिने चढण्या-उतरण्याचा त्रास नको, असे म्हणत रेडिओच कपडे आणी, नेऊन देई, आणि येताना प्रत्येकाची शाबासकी घेऊन येई. त्या शाबासक्या आता बाईंना एकेक करून आठवू लागल्या.

रेडिओ नेहमीसारखीच दार ढकलून आत आली. तिच्या हातात सुनेचा गाऊन होता.

“खिडकीला चिकटून काय बघतेस? समोरचा म्हातारा पुन्हा उघडाबंब बसलाय वाटतं.”

बाई हसल्या नाहीत.

“गाऊनला खालून दुमड घालायचीय. सून म्हणते, तुझ्या हाताची सफाई दुकानात नाही मिळत.”

“असं म्हणाली?”

“मग? मी कशाला खोटं बोलू?” एवढे म्हणेपर्यंत तिचे लक्ष पँटकडे गेले. “ही तुझ्याकडे कशी आली?”

“पोराची आई देऊन गेली.”

“थेट? माझ्याकडे नाही का द्यायची? मी...” पुढचे तिने गिळले. “मी आणली असती म्हटलं.”

प्रश्न बाईंच्या ओठांवर आला होता. विचारला असता तर रेडिओने रडून सगळे कबूल केले असते आणि उद्यापासून या खोलीत एकही कपडा आला नसता. तू गेलीस तर मी बडबडू कुणाशी, भिंतीशी? असे रेडिओ एकदा थट्टेने म्हणाली होती. ती थट्टा नव्हती, हे बाईंना आता कळले. तरी तोंडातला कडवटपणा जाईना.

“थोड्या वेळाने पँट न्यायला ये,” त्या म्हणाल्या. “लगेच होईल.”

रेडिओने सकाळी ओवून ठेवलेल्या सुयांपैकी एक त्यांनी उचलली. पँटची जुनी दुमड पुरती उसवून नवी घातली आणि नुसता कच्चा धावदोरा घालत गेल्या: लांब लांब टाके, एका ओढीत निघून येतील असे. शेवटी उलट टाके घेतले नाहीत. दोऱ्याचे शेपूट दडवले नाही. सहज हाताला लागेल असे बाहेर लोंबते ठेवले.

मग त्यांनी भिंतीवर थाप मारली.

“झालीसुद्धा?” रेडिओ दारातूनच म्हणाली. “हात आहे की मशीन! बघ किती सुबक...”

पँट घडी करताना तिचे बोट त्या शेपटावर पडले. तिने मान वर करून बाईंकडे पाहिले.

बाईंनी गाऊन मांडीवर ओढला.

“जाताना उद्याच्या सुया ओवून ठेव,” त्या म्हणाल्या.