अर्ध्या वाक्याचा पहारा

"अर्धं वाचून बोट लावू नका, ताई. आधी पूर्ण वाचा, मग 'हो' म्हणा."

फोन दुरुस्त करणाऱ्या काकांचे हे वाक्य माझ्या कानांवर पडले, तेव्हा नुकतीच नवी बॅटरी बसवून त्यांनी माझी पाठ बंद केली होती. वाक्य साधेच वाटले. ते किती खरे होते, हे पुढे कळले आणि मग मला चैन पडेना.

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे. माझ्या उजव्या कोपऱ्याला तडा आहे आणि आवाज वाढवायचे बटण दोनदा दाबावे लागते. पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक कारखान्यात हातमोजे घातलेल्या बोटांनी माझे पेच आवळले. मला घडवणाऱ्यांचे तोंड मी पाहिले नाही, पण त्यांचे हात चांगले होते. नाहीतर इतकी वर्षे मी तग धरला नसता.

पहिली पाच वर्षे मी आईकडे होतो. आई म्हणजे भिंगरीची आई. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांकडून पाटीवरची अक्षरे वाचून घेते, काचा पुसते, कानामागे टोचणाऱ्या काड्या जराशा वाकवून देते. "ताईंनी बसवलेला चष्मा नाकावर आहे हे कळतसुद्धा नाही," असे गिऱ्हाइके म्हणत, आणि तिच्या खिशात बसून मीच फुगत असे.

आईचा एक नेम आहे. रोज सकाळी सहा ते साडेसहा ती डोळे मिटून प्रार्थनेला बसते. तेवढा वेळ ती बोलत नाही आणि उठत नाही, मग दाराची घंटा वाजो नाहीतर दूध उतू जावो. बसण्याआधी ती मला पालथे ठेवत असे. दिवसभर टुणटुण वाजणाऱ्या माझ्यासारख्याला तेवढीच विश्रांती. अकरा वर्षांत हा नेम एकदाही चुकला नव्हता.

भिंगरी तेराची झाली तेव्हा आईने नवा फोन घेतला आणि मी लेकीकडे आलो. एका जागी बसवत नाही म्हणून तिचे नाव भिंगरी. तिला पळायचे वेड होते. पण मागच्या वर्षी शाळेच्या मैदानावर तिला धाप लागली आणि श्वास अडकला. डॉक्टरबाईंनी तोंडात फवारा मारायचा छोटा पंप दिला आणि म्हणाल्या, "दम्याची सुरुवात आहे..." त्यापुढे त्या बरेच काही सांगत होत्या, पण आईच्या कानात तेवढा एकच शब्द शिरला. घरी आल्यावर तिने फर्मान काढले, "पळणं बंद." भिंगरीने बूट पलंगाखाली सारले. बाबा दूर गावी कामाला. त्यांनी फोनवर "आई म्हणते ते ऐक" म्हटले आणि विषय मिटला, असे सगळ्यांना वाटले.

काही दिवसांनी मागच्या गल्लीतल्या एका मुलीशी फोनवरून कोणी परका माणूस मुलगी असल्याचे भासवून महिनाभर बोलत होता, अशी बातमी आली. त्याच संध्याकाळी मावशीचा फोन आला.

"लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतेस आणि स्वतःच्या पोरीकडे डोळेझाक? ते पहारा ठेवणारं ॲप टाकून घे. माझ्या शेजारणीने टाकलंय."

"तिला विचारून टाकू का?"

"चोराला विचारून कुलूप लावतात का?"

"ती चोर नाहीये गं."

"मी कुठे म्हटलं? म्हणच आहे तशी."

बॅटरी बदलायची सबब सांगून आईने मला काकांच्या दुकानात नेले ते त्यासाठीच. काकांनी तीन ॲप दाखवली. मी मनातल्या मनात त्यांना नावे देऊन टाकली. मोजणारा फोन किती वेळ वापरला ते मोजायचा. शोधणारा फोन कुठे आहे ते नकाशावर ठिपक्याने दाखवायचा. वाचणारा शोधणाऱ्याचे काम तर करायचाच, शिवाय आलेले-गेलेले निरोप वाचून धोक्याचा शब्द दिसला की आईला कळवायचा.

"हा तिसरा मेहनती आहे," काका म्हणाले, "पण समज बेताची. शब्द ओळखतो, माणूस ओळखत नाही. मुलीला सांगितलंय ना?"

"सांगितलं तर लपवेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

आईने घड्याळ पाहिले. तिला दुकान उघडायला उशीर होत होता. काकांनी पडद्यावरच्या अटी पूर्ण वाचायला सांगितल्या, तिने दोन ओळी वाचल्या आणि बोट लावले. तिसऱ्या ओळीत लिहिले होते की, सूचनेत वाक्याचा काही भागच दिसेल.

असा वाचणारा माझ्या पोटात राहायला आला. मला विचारले नाही आणि भिंगरीलाही विचारले नाही. दुसऱ्याच्या घरात बिनबोभाट शिरलेल्या पाहुण्यासारखा तो एका कोपऱ्यात बसे आणि सारखी मान उंचावून बघे. आईने त्याला शब्दांची यादी दिली होती: मेले, विष, एकटी, पळ. पहिल्याच दिवशी त्याने अकरा वेळा शंख केला. "हसून हसून मेले." "गणिताच्या बाईंचा पेपर म्हणजे विष आहे." "डबा नाही, भुकेने मेले." आईने यादीतून दोन शब्द काढले. 'पळ' मात्र ठेवला.

शुक्रवारी दुपारी भिंगरीने शिट्टीला निरोप धाडला. शिट्टी ही तिची मैत्रीण. पुढच्या दातांत फट असल्याने बोलताना हलकी शीळ वाजते. वाचणाऱ्याने निरोपाचा लचका तोडला आणि आईकडे पाठवला. आई तेव्हा म्हणे एका आजोबांच्या चष्म्याचा पेच आवळत होती. तिने वाचले:

"आईने डोळे मिटले की पळायचं..."

मित्रांनो, पुढचे वाक्य माझ्याजवळ होते. सगळेच्या सगळे होते. पण मला तोंड कुठे? मी तापलो. भिंगरी स्वतःशीच म्हणाली, "हा फोन आज एवढा का गरम होतोय?" मी काय सांगणार?

आईने आजोबांचा चष्मा तिरका बसवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घरी येऊन तिने भाजी दोनदा धुतली आणि मीठ घालायला विसरली. भिंगरी अळणी भाजी निमूट जेवली, त्याचाही आईने वेगळाच अर्थ काढला. विचारावे, तर आपण वाचतो हे उघड होणार. न विचारावे, तर जीव थाऱ्यावर नाही. आपण डोळे मिटण्याची लेक वाट बघते आहे, ही कल्पना तिला सोडेना. मी टेबलावर त्या दोघींच्या मध्ये पडून होतो.

शनिवारी सहाला आई प्रार्थनेला बसली. भिंगरीने पाच मिनिटे वाट पाहिली, मला मुठीत धरले आणि कडी अलगद काढली. आईने डोळे उघडले. अकरा वर्षांचा नेम त्या एका 'टक्' आवाजावर मोडला.

पुढचे मला नंतर आईच्या बोलण्यातून कळले. ती एका पायात स्वतःची आणि एका पायात लेकीची चप्पल घालून धावली. नव्या फोनवरचा माझा ठिपका बसच्या थांब्याकडे निघाला, तेव्हा तिने वेग वाढवला. थांबा मागे टाकून ठिपका मैदानात शिरला आणि तिथे गोल गोल फिरू लागला. एक फेरी, दोन, तीन. घर सोडून पळून जाणारे माणूस गोल फिरत नाही, हे तिला तेव्हा सुचले असावे. तिने चाल कमी केली नाही, एवढे मात्र खरे.

आधी शिट्टीने पाहिले. "भिंगरे, तुझी आई. आणि डोळे उघडे आहेत."

भिंगरी जागच्या जागी थबकली. "आई? तुझा नेम?"

"मोडला."

"तुला कुणी सांगितलं मी इथे आहे?"

आईने स्वतःचा फोन पुढे केला. भिंगरीने ती अर्धी ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. तिचा चेहरा आधीच लाल होता, तो पांढरा पडला. तिने मला उघडून आईसमोर धरले. त्यात लिहिले होते: "आईने डोळे मिटले की पळायचं आणि उघडायच्या आत घरी. पंप खिशात असतो, घाबरू नकोस."

"मला वाटलं," आई म्हणाली, "मी मेल्यावर..."

"तू मेल्यावर कुठे पळणार गं मी? तू असतानाच अर्धा तास मिळतो." भिंगरीला हसू फुटले आणि त्या हसण्याचेच रडू झाले. "वाचायचंच होतं तर पूर्ण तरी वाचायचं होतंस."

मग तिने मला आईच्या हातात ठेवले. "हा तुझ्याकडेच ठेव. मला नको."

चार दिवस मी खणात पडून होतो. तडा गेला तेव्हा दुखले नव्हते इतके त्या खणात दुखले. बाहेरून भिंगरीचे तीनच शब्द ऐकू येत: हो, नाही, जेवले. घरात एवढी शांतता होती, पण ती प्रार्थनेची नव्हती.

बुधवारी आई एकटीच डॉक्टरबाईंकडे गेली. परत येऊन लेकीच्या दारात उभी राहिली.

"मी त्यांचंही अर्धंच ऐकलं होतं. पळू द्या म्हणाल्या होत्या. आधी पंप घ्यायचा, सुरुवात हळू करायची आणि मोठं माणूस सोबत हवं."

आतून भिंगरी म्हणाली, "आणि माझे निरोप?"

"ते माझं चुकलं. मला तोंड होतं, मी विचारायला हवं होतं."

संध्याकाळी दोघी मला घेऊन काकांकडे गेल्या. आता निवड पुन्हा झाली, पण या वेळी ॲप निवडायला दोघी होत्या. भिंगरीने एकूण एक ओळ मोठ्याने वाचली. काकांनी तीनदा जांभई दिली. "पोरी, माझ्या हयातीत हे पूर्ण वाचणारं पहिलंच माणूस बघतोय," ते म्हणाले. वाचणाऱ्याची रवानगी झाली. शोधणारा आला, पण मैदानावर असेपर्यंतच जागा राहायचा, आणि त्याला उठवायचे-निजवायचे भिंगरीने. कोणी अनोळखी बोलू लागले तर ती स्वतः आईला दाखवणार, आणि आई आधी ऐकणार, मग घाबरणार. 'हो'वर बोट भिंगरीने लावले.

"शनिवारी सहाला मी मैदानाच्या पायऱ्यांवर असेन," आई म्हणाली. "डोळे उघडे ठेवून."

"आणि तुझा नेम?"

"तो पाचला. देवाला कुठे माझ्या घड्याळाची अडचण?"

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. आमची काच जपा, पण त्याहून माणसांची वाक्ये जपा. ती पूर्ण होऊ द्या. तुमच्या आईवडिलांना तुमची काळजी वाटली, तर त्यांना उरलेले अर्धे तुम्हीच सांगा. आणि हे वाचून दाखवणारे कोणी मोठे माणूस असेल, तर त्यांनी विचारायला संकोच करू नये. मी अजून तापतो, अजून धास्तावतो. म्हातारपणाचा गुण म्हणा. तरीही हल्ली माझ्या पोटात जागा मोकळी आहे.

आज शनिवार. पंप खिशात टाकून भिंगरी शिट्टीबरोबर पुढे गेली आहे. फेऱ्यांची वेळ धरायला मला तिने आईजवळ ठेवले आहे. साडेपाच झाले. आईने डोळे उघडले आणि मला सुलटे केले. दुसरा पंप पिशवीत टाकला. दोन्ही पायांत एकाच जोडीचे बूट आहेत ना, हे खाली वाकून पाहिले. मग कडीचा आवाज होऊ न देता दार ओढून घेतले आणि ती जिना उतरू लागली.