क्लॅरनेटवाल्याची चिंच

अंबादासच्या दातांची वाट मी लावली. लोक म्हणतात, गणपतराव, चिंच त्यानं खाल्ली, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता. पण त्या लोकांना कागलची वरात ठाऊक नाही.

आमचा बँड मंगळवार पेठेतला. मालक नृसिंहराव, क्लॅरनेटवर अंबादास आणि ढोल माझ्या गळ्यात. अंबादासचा क्लॅरनेट ऐकायला लोक बोलावणं नसताना लग्नाच्या गर्दीत शिरायचे. माणूस मात्र भारी मानी. कुणी त्याला हसलं की आठ दिवस त्याला अन्न गोड लागायचं नाही.

सासष्ट सालच्या उन्हाळ्यात कागलला वरात होती. वरपक्षाकडची एक मावशी पुढं आली आणि अंबादासच्या नाकासमोर उभी राहून चिंचेचं बुटुक चोखायला लागली. वाजवणाऱ्याची अशी खोड काढायची रीत आमच्याकडं जुनीच. आंबट बघितलं की तोंडाला पाणी सुटतं, आणि क्लॅरनेटच्या तोंडात धरायच्या चोचीत लाळ गेली की सूर फुटतो. झालंही तसंच. ऐन रंगात क्लॅरनेट चिरकला आणि गप्प झाला. सगळी वरात हसली. मीही हसलो. इतका हसलो की ढोलावरचा माझा हातसुद्धा थांबला, आणि रस्त्यावर नुसतं हसणंच ऐकू येत राहिलं.

परत येताना तो एसटीत खिडकीकडं तोंड करून बसला. त्याला बोलतं करायला मी म्हटलं, "रोज चिंच खात जा की. तोंड मेलं की पाणीच सुटायचं न्हाय." मी आपलं चेष्टेनं म्हटलं होतं. त्यानं मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून सुरू. सकाळी चिंच, दुपारी कैरी, कैरीचे दिवस नसले की आवळा. वाजवायला निघायच्या आधी लिंबाची फोड ओठाखाली, पुढच्या दातांना लावून धरायची आणि घटकाभर बसायचं. दात आंबले की लगेच राखुंडी घेऊन खसाखसा घासायचे, म्हणजे तोंड स्वच्छ. त्याची बायको बाळाबाई कुरकुरायची, "आमटीला घरात चिंच ऱ्हात न्हाय." तो कुठला ऐकतोय! वर्षभरात त्याचं तोंड खरंच मेलं. कुणी लिंबू दाखवो, कुणी चिंच दाखवो, अंबादास खुशाल तिकडं बघत वाजवायचा आणि वरपक्षाच्या मावश्या हात हलवत परत जायच्या. मी ढोल बडवत असा मिरवायचो की जणू ती माझीच करामत. बारा वर्षं हे असं चाललं.

क्लॅरनेट वाजवताना वरचे पुढचे दात चोचीवर टेकवावे लागतात. अंबादासचे नेमके तेच दात झिजले. कडेला कागदासारखे पातळ झाले, पिवळे दिसायला लागले, आणि गार पाणी लागलं की तो तोंड दाबून बसायचा. चोच टेकवली की कळ थेट मस्तकात. मग तो नुसत्या ओठांवर सांभाळून वाजवायचा आणि सूर लटपटायचा. अठ्ठ्याहत्तरच्या दसऱ्याला नृसिंहरावांनी सरळ सांगितलं, "अंबादास, मार्गशीर्षात हातकणंगल्याचं लगीन हाय. तवर सूर आला न्हाय तर सांगलीचा माणूस आणतो. तू झांजा धर."

ज्याच्या क्लॅरनेटवर बँड चालायचा त्याच्या हातात झांजा. अंबादासला दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही त्याला नकोही होतं. त्या दिवसापासून बाळाबाई मला बघितलं की तोंड फिरवायला लागली. मला सगळं कळत होतं.

शेवटी मीच त्याला ओढत दातांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर श्यामलाबाई वयानं आमच्या लेकींएवढ्या. त्यांनी बराच वेळ आरसा लावून दात बघितले आणि विचारलं, "काका, आंबट काय काय खाता?" अंबादासनं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग मीच चिंचेपासून राखुंडीपर्यंत सगळं सांगितलं. सल्ला कुणाचा होता, तेवढं मात्र गिळलं.

"फळं खाणं वाईट नाही," बाई म्हणाल्या. "पण आंबट रसानं दाताचा वरचा थर थोडा वेळ मऊ पडतो. तुम्ही तो रस दातांना लावून धरता, आणि थर मऊ असतानाच राखुंडीनं घासता. म्हणजे रोज थोडा थोडा दातच घासून काढलात."

"मग आता फळं बंद?" अंबादासनं विचारलं.

"कशाला बंद? पेरू खा, केळी खा, संत्रंसुद्धा खा. जेवणाबरोबर खाऊन मोकळे व्हा, चोखत बसू नका. वर साध्या पाण्यानं चूळ भरा आणि तासभर दात घासू नका. राखुंडी मात्र टाकून द्या."

"तासाभरात काय हुतंय?"

"तोंडाला पाणी सुटतं ना, ते आंबट धुऊन काढतं. दाताचा मऊ पडलेला थर हळूहळू पुन्हा टणक होतो. तुमच्या दातांचं औषध तुमच्या तोंडातच आहे."

अंबादासनं मांडीवरची टोपी उचलून झटकली. मग म्हणाला, "म्हंजे बारा वर्सं मी माझ्या औषधाच्याच मुळावर उठलो हुतो म्हणा की." बाई हसल्या नाहीत. झिजलेलं परत येत नाही, पण उरलंय ते टिकवता येईल, असं त्यांनी सांगितलं, आणि चोचीवर काहीतरी मऊ लावून बघा म्हणाल्या. मी त्याच दिवशी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला, घासून पातळ केला आणि दात टेकतात तिथं चिकटवून दिला.

चिंच सुटली. महिना-दीड महिन्यात कळ उतरली आणि सूर जागेवर आला. पण दुसरंच झेंगट उभं राहिलं. बाळाबाईनं आमटीसाठी चिंच भिजत घातली तरी अंबादासच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं. मेलेलं तोंड जिवंत झालं होतं. हातकणंगल्यात कुणी चिंच काढली तर काय?

आणि व्हायचं तेच झालं. वरात भर रस्त्यात आली, अंबादास रंगला, नृसिंहराव कान देऊन ऐकत होते. तेवढ्यात वराची आजी, धोंडुबाई, पदर खोचून पुढं आली आणि त्याच्यासमोर अर्धं लिंबू चोखायला लागली. अंबादासची नजर लिंबावर गेली. गळा हलला. चोचीत खरखर सुरू झाली ती मला शेजारी ऐकू आली.

सूर फुटायच्या आत मी ढोलावर हाणलं. असं हाणलं की पुढच्या गाडीचे बैल बुजले. तसाच बडवत मी आजी आणि अंबादासच्या मधे जाऊन उभा राहिलो. लोकांना वाटलं, आता ढोलाची पाळी. पोरंटोरं नाचायला लागली. माझ्या पाठीमागं अंबादासनं चोच काढली, लाळ गिळली, चोच झटकली, आणि मी हात आवरता घेतला तसा सोडल्या जागेवरून सूर उचलला.

"ढोलवालं पावणं लबाड हाय," आजी म्हणाली आणि लिंबू टाकून बाजूला झाली. सांगलीच्या माणसाचं नाव नृसिंहरावांनी पुन्हा काढलं नाही.

पंगत उठल्यावर आम्ही मांडवाच्या कडेला बसलो. मी म्हटलं, "अंबादास, त्यो चिंचेचा सल्ला माझा हुता."

"ठावं हाय की."

"आन कागलात मी बी हसलो हुतो."

"त्ये बी ठावं हाय." तो केळं सोलत होता. साल टाकून म्हणाला, "तू हसलास त्येचं काय न्हाय वाटलं, गणपा. ढोल थांबवलास, त्येचं वाटलं."

केळं खाऊन झाल्यावर त्यानं तांब्यातलं पाणी घेऊन चूळ भरली. मी उठून ढोल गळ्यात अडकवला.