योरिसच्या डोक्यावरची लुंगी

मित्रांनो, मी रंगूनची एक जुनी लुंगी आहे आणि तीही बायकांची. कमरेपाशी काळी पट्टी दिसते ना, तीच आमची खूण. मागावरून उतरले तेव्हा मी गर्द जांभळी होते. दॉ ओन चिन नावाच्या फुलवालीनं मला हौसेनं घेतलं आणि सणासुदीला नेसली. धुतल्यावर ती मला नेहमी खालच्या दोरीवर वाळत घालायची. बाईचं नेसूचं कापड पुरुषाच्या डोक्यावरून गेलेलं आमच्याकडे खपत नाही.

माझा रंग विटला, तसं तिनं मला पॅगोड्याच्या जिन्यापाशी, फुलांच्या टोपलीशेजारी ठेवलं. आखूड कपड्यांत आलेल्या परदेशी मुली मला गुंडाळून वर दर्शनाला जात. परक्यांचा घाम, अंगाची चिकट मलमं, सगळं माझ्या अंगाला! अगदी मळमळायचं. पण संध्याकाळी दॉ ओन चिन मला स्वच्छ धुवायची, म्हणून मी सोसत होते.

एकदा फेम्के आणि योरिस ही जोडी आली. पाठीवर बोचकी, आणि शहर शक्य तितक्या स्वस्तात पाहायची जिद्द.

"मावशी, लगेच आणून देते हं," असं म्हणून फेम्के मला नेसून वर गेली. उतरताना मात्र दोघं चुकून भलत्याच जिन्यानं उतरली. त्यांच्या चपला राहिल्या दॉ ओन चिनच्या जिन्यापाशी.

"परत एवढ्या पायऱ्या कोण चढणार?" योरिस म्हणाला. "बाहेरून वळसा घालू. वाटेत काहीतरी खाऊ."

फेम्केनं मला सोडून खांद्यावर टाकलं आणि दोघं अनवाणी निघाली. थोड्याच वेळात योरिसचा पाय पानाच्या ओल्या पिचकारीत पडला.

"शी! दे गं ते फडकं!"

मी फडकं! त्यानं तो लाल चिकटा मला पुसला.

पुढे एका गाडीवर काड्यांना टोचलेले डुकराच्या आतड्यांचे तुकडे रश्शात बुडवून खात माणसं बसली होती. "स्वस्त आहे, खा की!" म्हणत योरिसनं दोघांचं एकट्यानंच खाल्लं. फेम्केनं हातही लावला नाही. मग उघड्या गटारापाशी वाकून तो भडाभडा ओकला आणि तोल जाऊन गुडघ्यापर्यंत आत गेला. तोंडही मलाच पुसलं, पायाचा काळा चिखलही मलाच. मित्रांनो, तो वास आठवला की अजून माझा धागा न् धागा आखडतो.

एवढ्यावर भागलं नाही. ऊन लागतंय म्हणून त्यानं मला नळाखाली कसंबसं बुचकळलं, पिळलं आणि सरळ डोक्याला बांधलं! चहाच्या दुकानातल्या माणसांचे पेले हातातच राहिले. एका बाईनं तोंड फिरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अशा थाटात स्वारी दॉ ओन चिनपुढे उभी राहिली. इतकी वर्षं तिथं बसून तिला पाहुण्यांची भाषा मोडकीतोडकी येत होती.

"सोड! आधी ते डोक्यावरचं सोड!" ती ओरडली.

"कापडच तर आहे, मावशी," योरिस हसला.

ती फेम्केकडे वळली. "तुझ्या आईचा परकर बांधशील याच्या डोक्याला? नेसत होते मी ते!"

योरिसचं हसू मावळलं. "म्हणजे हे... कमरेखालचं?" त्यानं मला दोन बोटांनी ओढून धुळीत फेकलं आणि केस खसाखसा पुसले. वाटभर स्वतःची घाण ज्यानं मला पुसली, त्याला आता माझी किळस आली!

फेम्केनं मला उचललं, दॉ ओन चिनकडून साबण मागून घेतला आणि नळापाशी बसून घासू लागली.

"हळू गं, जुनी आहे ती," म्हणत दॉ ओन चिनही शेजारी टेकली. दोघींनी मिळून मला पिळलं. योरिस चपला हातात धरून लांबच उभा होता.

तरी वास पुरता गेला नाही. आता मी फुलांच्या टोपलीखाली अंथरलेली असते. कुजक्या देठांचं पाणी अंगावर गळतं, पण ते मला चालतं.

मित्रांनो, कुणाचं कापड मागून घेतलंत, तर ते कुणाचं आहे आणि कशासाठी आहे, एवढं विचारा. आणि आपली घाण त्याला पुसलीच, तर निदान परत देताना त्याच्याकडे बघून नाक मुरडू नका.