खर्जातली एक तार

पियानो सुरात लावून घ्यायचा निर्णय बाईंचाच होता.

संगीताचा वर्ग वाचनालयामागच्या एका खोलीत भरायचा. तिथला पियानो दमट भिंतीला टेकून इतकी वर्षं उभा होता, की त्याची प्रत्येक तार आपापल्या मर्जीनं उतरली होती. वर्गातली मुलं जरा वेगळ्या घडणीची. कुणाला बोलणं जड जाई, कुणाला गर्दी, कुणाला नुसता नळाचा आवाज. यांना निदान सूर तरी खरे ऐकू यावेत, असं बाईंना वाटलं.

पियानो लावणारे काका दिवसभर खपले. निघताना म्हणाले, "खर्जातली ही एक तार तशीच ठेवलीय. गंजलीय, ताणली तर तुटेल. पुढच्या मंगळवारी नवी आणून बसवतो."

दुसऱ्या दिवशी साळू आली. सतरा वर्षांची ही मुलगी आत्याजवळ राहायची, आणि सहसा बोलायची नाही. वर्गात आली की आधी पियानोवर आपली एक ठरलेली धून वाजवायची, मगच इतरांमध्ये बसायची. तिचं दार ठोठावणं होतं ते. त्या दिवशी तिनं एक पट्टी दाबली आणि थांबली. मग दुसरी. मग आवाज न होऊ देता झाकण लावलं, कान झाकले आणि बाहेरच्या टेबलाखाली जाऊन बसली.

पुढच्या वेळी ती दारातूनच फिरली. त्यानंतर आलीच नाही.

आत्या आली, एकटीच. तिचं कपड्यांना इस्त्री करण्याचं दुकान होतं. अंगाला खळीचा वास होता.

"काय केलंत हो बाई तिला?"

"पियानो सुरात लावून घेतला."

"एवढंच? मग सुरात असलेलं आवडत नाही म्हणावं. आमच्या घरी तरी कोण सुरात आहे!" आत्या हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. "पूर्वी दुकानात जाताना मी तिला आत ठेवून बाहेरून कडी घालायचे. तुमच्याकडे यायला लागली, शांत झाली, तशी दुकानात माझ्याजवळ बसायला लागली. परवा उठून भर रस्त्यात गेली. कालपासून पुन्हा कडी घालतेय. आतून दार वाजवते ती, बाई."

बाईंनी वळून पियानोकडे पाहिलं.

"मग करा की परत बेसूर," आत्या म्हणाली. "मोडायला कितीसा वेळ लागतो?"

बाईंनी आत्यासमोरच काकांना फोन लावला. काका आधी चिडलेच. "बेसूर करायला मला बोलावता? उद्या न्हाव्याला केस चिकटवायला सांगाल!" मग सगळं ऐकून घेतल्यावर त्यांचा आवाज खाली आला. "तारा सैल करीन मी. पण ते जुनं बेसूर परत यायचं नाही. एकेक तार वेगळ्या मापानं उतरली होती. ते माप कुणी घेतलंय?"

कुणीच घेतलं नव्हतं. वर्गात ध्वनिमुद्रण करायचं नाही, हा नियमही बाईंचाच.

"मंगळवारी ती तार बसवायला येतोय, तेव्हा बोलू," काका म्हणाले.

फोन ठेवल्यावर बाई पियानोपाशी गेल्या. अगदी डावीकडची ती पट्टी त्यांनी दाबली. आवाज जाड, किंचित उतरलेला, शेवटी बारीक थरथर. एवढी एकच तार जुनी होती.

"मंगळवारी तिला घेऊन या," त्या आत्याला म्हणाल्या. "एकदाच."

मंगळवारी साळू उंबऱ्यावर उभी राहिली, कानांवर हात घट्ट. बाईंनी ती पट्टी दाबली आणि आवाज पुरता विरू दिला. मग पुन्हा दाबली. साळूचा एक हात खाली आला. बऱ्याच वेळानं ती आत आली, बाकावर टेकली आणि स्वतः ती पट्टी दाबली. शेजारच्या पट्टीवर बोट ठेवताच दचकली. परत जुन्या पट्टीवर आली.

बाईंनी गायला सुरुवात केली. साळूचीच धून, त्या तारेला धरून. पियानोला आता उतरता येत नव्हतं, गळ्याला येत होतं. पण गळा शिकलेला. तो पुन्हा पुन्हा खऱ्या सुराकडे चढे, आणि बाई त्याला पुन्हा खाली आणत. साळू मान कलती करून ऐकत होती. बाईंचा सूर चढला की ती पट्टी जोरात दाबी, आणि बाई दुरुस्त होत.

दाराशी काका येऊन उभे होते, हातात नव्या तारेचं वेटोळं.

"ती तार तुटणार, आज ना उद्या," ते आत्याला हळूच म्हणाले.

"कळलं मला. माणसंही तुटतात. तोवर तिला हात लावू नका."

काकांनी वेटोळं पिशवीत ठेवलं आणि आत पाऊल टाकलं.

"अहो काका," आत्या कुजबुजली, "बूट वाजतात तुमचे."

काका खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.