खुललेला आवाज

गिटारचा आवाज वयाबरोबर खुलतो की नाही, या एका प्रश्नावर त्या घरात सव्वीस वर्षं वाद चालला होता, आणि तो संपावा असं दोघांपैकी कुणालाच मनापासून वाटत नव्हतं. नवरा गिटारी घडवायचा आणि दुरुस्त करायचा. बायको घरोघर जाऊन लोकांचे पियानो सुरात लावून द्यायची. त्याचं म्हणणं असं, की लाकूड म्हातारं होतं, शहाणं होत नाही. जुन्या वाद्यातला गोडवा ऐकणाऱ्याच्या कानातला असतो, आणि ज्यानं वीस वर्षं एकाच आवाजाशी संसार केलाय त्याला तो आवाज गोड वाटणारच. यावर ती म्हणायची, "म्हणजे मी तुम्हाला गोड वाटते ती माझ्या गुणांमुळे नाहीच तर." आणि तो रंध्यात अडकलेला कीस फुंकून काढत म्हणायचा, "तुझी गोष्ट वेगळी. तुला कुठे तारा आहेत?"

कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली होती. सरसाचा आणि ताज्या कापलेल्या लाकडाचा वास तिथून स्वयंपाकघरापर्यंत यायचा. भिंतीवर, कामाच्या टेबलासमोर, एक गिटार कायमची टांगलेली होती. बावीस वर्षांपूर्वी त्यानं एकाच फळीतून दोन जुळ्या गिटारी केल्या होत्या. एक लगेच गेली, आणि दुसरीच्या पाठीवर वॉर्निशाचा एक ओघळ राहून गेला म्हणून ती त्यानं कुणाला दिली नाही. तिला कुणी वाजवत नसे. प्रत्येक दिवाणखान्यात एखादी खुर्ची असते, जिच्यावर कुणी बसत नाही आणि जी कुणी हलवतही नाही, तशी ती होती.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला एक बाई चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. वय पंचावन्नच्या आसपास, कपडे नीटनेटके, डाव्या हाताची दोन बोटं मोडून वाकडीच जुळलेली. त्यांनी चादर सोडवली, आणि बावीस वर्षांपूर्वी गेलेली ती जुळी गिटार त्याच्यासमोर टेबलावर आली.

"ही तुम्हीच केलीत ना?"

"हो. आत शिक्का आहे माझा."

"मग तुम्हीच मोडा. मी दोनदा हातोडी घेतली, पण हात धजत नाही."

त्याला हसू आलं. आपल्या हातचं वाद्य लगेच मोडायला घ्यावं इतका तो निर्विकार नव्हता, म्हणून तारा सुरात आणून त्यानं सवयीनं अंगठा फिरवला. अंगठा खाली आला, आणि त्याच्या मानेवर काटा आला. तो आवाज त्यानं आयुष्यभर शोधला होता आणि असा आवाज असतच नाही हे स्वतःला पटवून द्यायला त्यानं तितकीच वर्षं घालवली होती. स्वर कुठल्या तारेतून येतोय हे कळत नव्हतं. सगळी खोलीच दीर्घ श्वास सोडत असल्यासारखी वाटत होती.

"वाजवत कोण होतं?" त्यानं विचारलं.

"कुणीच नाही. लग्नानंतर वर्षभर हे वाजवायचे. मग ती जेवणाच्या खोलीत भिंतीवरच होती."

"नुसती टांगलेली गिटार अशी वाजत नाही, बाई."

"वाजायची की." बाईंनी चादरीची घडी घालायला घेतली. "यांनी मला भिंतीवर आपटलं की वाजायची. मी ओरडले की वाजायची. कुणी हात न लावता. पहिल्यांदा अगदी बारीक, डासासारखी. शेवटी शेवटी फार गोड वाजायला लागली होती."

यात चमत्कार काही नव्हता. खोलीत कुणी शिंकलं तरी तारा उत्तर देतात, हे हा धंदा करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. तरीही त्यानं गिटारवरचा हात काढून घेतला.

"आणि ते?"

"गेल्या महिन्यात गेले. जिन्यावरून पडले." घडी पुरी झाली होती, तरी त्या ती पुन्हा पुन्हा दाबत राहिल्या. "त्या दिवशी बराच वेळ वाजत होती. मोडाल ना?"

"मोडतो," तो म्हणाला.

त्यानं ती मोडली नाही. दुपारी बायको परत आली तेव्हा तो ती मांडीवर घेऊन बसला होता. तिनं दारातच पिशवी खाली ठेवली आणि डोळे मिटून ऐकलं. पियानोवालीचे कान; तिला समजावून सांगावं लागत नसे.

"आता बोला," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं माझं डोकं खाल्लंत."

"खूप वाजवलेली आहे," तो म्हणाला. "कुणीतरी रोज वाजवत असणार." हे खोटं त्याच्या तोंडून इतकं अलगद बाहेर पडलं, की आपण खोटं बोललो हे संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं.

पुढचे आठ दिवस त्याला दुसरं काही सुचलं नाही. त्यानं दोन्ही गिटारींना एकाच जातीच्या नव्या तारा चढवल्या, पोटात दिवा आणि आरसा घालून दोन्हींच्या आतल्या आधाराच्या पट्ट्या तपासल्या, पाठीवर बोटानं टिचक्या मारून ऐकल्या. एकच झाड, एकच फळी, एकच हात. आणि तरी एक अशी, आणि भिंतीवरची दुसरी पत्र्याच्या डब्यासारखी बद्द. नवव्या दिवशी, दुसरीच्या तारा पाचव्यांदा सैल करताना, त्याचा संताप अनावर झाला आणि हातातला लोखंडी रंधा त्यानं समोरच्या भिंतीवर फेकला. प्लास्टरचा टवका उडाला, रंध्याचं पातं उसळून त्याच्याच कपाळाला लागलं, भुवईवरून रक्त डोळ्यात उतरलं. आणि त्या शांततेत, टेबलावरची दुसरी गिटार गुणगुणली. अगदी बारीक.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ती वाजवून पाहिली. तिसऱ्या तारेचा आवाज बदलला होता. फार नाही; पण आपल्याच कानाला खोटं पाडणं त्याला जमेना.

पुढचं जे घडलं ते त्यानं ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. एक दाढीवाला वादक दुरुस्तीला दिलेली आपली गिटार न्यायला आला होता. चांगला, बडबड्या, ओळखीतला माणूस. तो टेबलावर कोपर टेकून म्हणाला, "या वेळेला जरा हयगय झालेली दिसतेय तुमची." बोलणं साधंच होतं. कारागिराचा हात त्याच्या मानेवर पडला आणि त्याचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, आणि मग पुन्हा. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज सुकी पट्टी मोडावी तसा आला. हात आधी गेला होता आणि राग मागून आला होता, कुणीतरी उसना आणून दिल्यासारखा. दाढीतून रक्त ठिबकत तो माणूस रांगत दारापर्यंत गेला, पोलिसांचं नाव घेत होता, रडत होता. कारागीर त्याच्याकडे बघत नव्हता. भिंतीवर परत टांगलेल्या गिटारच्या सहाच्या सहा तारा वाजत होत्या.

तो माणूस पोलिसांत गेला नाही. गिटार न्यायलाही परत आला नाही.

मग असं बरंच काही होत गेलं. दार आपटलं जायचं, काच फुटायची, फळीला पटाशी इतक्या जोरात लागायची की फळी दुभंगायची. एका सकाळी मोडतोडीची लाकडं उचलायला आलेल्या हमालाला त्यानं कारण नसताना पायरीवरून ढकललं. संध्याकाळी तो हात धुऊन जेवायला बसायचा तेव्हा त्याचं मन एखादं अवघड काम हातावेगळं केल्यासारखं स्वच्छ असायचं. आपण वाईट माणूस होत चाललोय, असं त्याला एकदाही वाटलं नाही. गिटार सुधारत होती, एवढंच त्याला दिसत होतं.

आणि एका दुपारी बायको चहा घेऊन आली. तिनं कप टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हल्ली तुम्ही माझ्याशी बोलत का नाही हो?" त्यानं तिचं मनगट धरलं, हात हत्यारांच्या लाकडी पेटीच्या कडेवर ठेवला आणि झाकण सोडून दिलं. ते झाकण चांगलं जाड होतं.

ती किंचाळली. तिचा आवाज उंच, पातळ आणि नेमका सुरात होता, हे त्याच्या मनात आलं, आणि आपल्या मनात हे आलं याचा त्याला त्या दिवशी पहिल्यांदा धक्का बसला. त्यानं झाकण उचललं, तिला खाली बसवलं, तिचा हात आपल्या शर्टात गुंडाळला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिनंच सांगितलं, "पेटी उघडताना झाकण निसटलं."

घरी आल्यावर त्यानं सगळं सांगितलं. ती बाई, तिची बोटं, जेवणाच्या खोलीतली भिंत, रंधा, दाढीवाला. सांगताना तो रडला. गेल्या कित्येक वर्षांत तो रडला नव्हता. ती प्लास्टरमधला हात छातीशी धरून ऐकत होती. उद्या सकाळी दोन्ही मोडू, तिच्यासमोर मोडू, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"आणा बघू," ती म्हणाली. "भिंतीवरची."

तिनं ती मांडीवर आडवी घेतली आणि धडधाकट हाताच्या बोटानं एकेक तार छेडली. पियानो लावताना ती करायची तसंच. छेडायचं, थांबायचं, मान थोडी कलती करायची. तिसरी तार, दुसरी, पहिली. मग चौथी, पाचवी. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्याला हायसं वाटलं.

"फार चांगली झालीय हो," ती म्हणाली. "खरंच. जाड तार तेवढी अजून बसकी आहे."

मोडायचा विषय त्या दिवशी निघाला नाही, नंतरही नाही. तिचं प्लास्टर निघालं. ती पुन्हा कामाला जाऊ लागली, पण दुपारी लवकर परतायची आणि कारखान्यात स्टूल घेऊन बसायची. तो तिच्यावर पुन्हा हात उचलणार नव्हता. त्यानं तशी शपथ घेतली होती आणि ती पाळत होता. ती कधी उठून तारा छेडायची, जाड तारेपाशी आली की मान हलवायची आणि परत येऊन बसायची. त्याचे हात मात्र शांत झाले होते, राग उतरला होता. कितीतरी दिवसांनी त्याला झोप लागायला लागली होती.

रविवारी दुपारी तो टेबलाखाली सांडलेल्या खुंट्या गोळा करायला गुडघ्यांवर बसला होता. ती मागे उभी होती. लाकूड आवळून धरायचा बिडाचा मोठा शिकंजा, जो उचलायला त्याला स्वतःलाही दोन हात लागायचे, तिनं दोन हातांनी उचलला आणि त्याच्या पोटरीवर घातला.

हाड मोडलं ते त्यानं आधी ऐकलं, मग त्याला कळलं. आपल्या छातीतून इतका खोल, इतका खालचा आवाज निघू शकतो हे त्याला ठाऊक नव्हतं. तो कुशीवर कोसळला. ओरडणं संपलं, आणि मग टेबलावरच्या दोन्ही गिटारी बरोबरीनं वाजत असल्याचं त्याला ऐकू आलं. पहिली कुठली, दुसरी कुठली हे त्यालाही ओळखता आलं नसतं. दुखण्यानं डोळ्यांपुढे अंधारी येत असतानाही त्याला वाटलं, आता ती रडेल, शिकंजा टाकून देईल, त्याचं डोकं मांडीवर घेईल. एका हाताचा हिशेब एका पायानं फिटला असं म्हणेल. हे त्याला चाललं असतं. त्यानं ते मान्य केलं असतं.

"अगं," तो म्हणाला. "अगं, बास."

ती त्याच्याकडे बघत नव्हती. शिकंजा हातात तसाच धरून, मान किंचित कलती करून, डोळे मिटून ती उभी होती, आणि जाड तारेचा शेवटचा थरथराट विरेपर्यंत तशीच उभी राहिली. मग ती गेली आणि रस्त्याकडची खिडकी लावून आली. बाहेरच्या वर्दळीत तिला नीट ऐकू येत नव्हतं.