बगलेतला तुकडा

सुरेशचंद शेठजींच्या जळगावच्या कापडदुकानामागे एक लांबट खोली होती. तिथे तयार ब्लाऊज शिवले जात. कापायचं काम पुना मास्तरांचं. रेशमा काजं करी, बटणं लावी. ती चोपड्याच्या वरची, सातपुड्याच्या पायथ्याची. सरकारी शिवणवर्गात शिकून आली होती, पण दोन वर्षांत कुणी तिला कात्रीला हात लावू दिला नव्हता.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात कस्तुरा नावाची बाई फाटका ब्लाऊज घेऊन दुकानात आली. केळीच्या बागेत घड वाहायचं तिचं काम. दोन्ही बगला उसवल्या होत्या.

"बाईमाणसानं हात जरा जपून उचलावा," मास्तर म्हणाले.

"मंग घड कोन उचली?" कस्तुरा बगल दाखवत म्हणाली. "बठ्ठास्ना आठेच फाटस. मना एकलीनाच नही."

शेठजींनी ब्लाऊज बदलून दिला. त्यांच्या लेखी विषय संपला. सगळ्याच बायांचं तिथेच फाटतं हे ऐकून रेशमाने मात्र कस्तुराला ओट्यावर गाठलं, हात वर करायला सांगितले आणि टेप लावला. मास्तर माप घेत ते हात खाली सोडून. हात वर होताच कापड तीन बोटं कमी पडत होतं.

तिला आईची हातशिलाईची चोळी आठवली. बाही जिथे अंगाला मिळे, तिथे तिरका कापलेला चौकोनी तुकडा असायचा. ती घालून आई डोक्यावरून मोळ्या वाही, पण बगल कधी उसवली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत ती चिंध्या घेऊन बसू लागली. पहिला तुकडा चुरगळून बसला, दुसऱ्याने बाहीच वाकडी केली. चौथा जमला. हिरव्या ब्लाऊजला हिरवी चिंधी नव्हती, म्हणून लाल लावली होती.

"नव्या कापडाला ठिगळ," पुना मास्तर म्हणाले. "लोक म्हणतील, शेठजी जुनेर विकतात."

शेठजींनी ब्लाऊज उलटसुलट केला. "काम चांगलं आहे, रेशमा. पण बाई नवा कपडा घेते तो मिरवायला. हे कोण मिरवेल?"

"तेच विचारून येते. कापड मी माझ्या पैशाने घेईन. मला फक्त चिंध्या द्या."

सुट्टीच्या दिवशी सहा ब्लाऊज पिशवीत घालून ती कस्तुराच्या बागेवर गेली. बाया हसल्या. शेवंता नावाच्या थोराड बाईने ठिगळ समजून लाल तुकड्यावर बोट ठेवलं. "फाटेल व्हतं का?"

"नही. मुद्दाम लायेल शे," रेशमा म्हणाली.

कस्तुराने तो घातला आणि कामाला लागली. दुपारपर्यंत तिने घड खांद्यावर घेतले, उतरवले. मग बायांनी तिचा हात ओढून बगल नीट पाहिली. टाका हलला नव्हता.

"माले लाल नको," शेवंता म्हणाली, "पिवया टाक." दुसरीला फुलाफुलांचा हवा होता, हात उचलला की लांबून दिसेल असा. रेशमाला हे सुचलंच नव्हतं. ती तुकडा झाकायच्या बेतात होती, आणि या बायांना तो दाखवायचा होता. तिने एकेकीचं माप घेतलं, हात वर आणि हात खाली, आणि समोर रंग लिहिला.

ती यादी शेठजींनी बोट ठेवून शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "कर सुरू."

"कापणार मी. मास्तरांच्या टेबलावर."

मास्तर पंधरा दिवस तिच्याशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी जवळ येऊन म्हणाले, "हे आडवं कापलंस. धुतलं की ताणलं जाईल." रेशमाने कापडातल्या धाग्याची दिशा पाहिली. त्यांचं बरोबर होतं. सगळे तुकडे बाजूला टाकून तिने नव्याने कापले. त्यानंतर टेबल दोघांचं झालं, आणि भांडणंही.

तिसऱ्या वर्षी धुळ्याचे व्यापारी अभयकुमार यांची मोठी मागणी आली, पण सगळ्या ब्लाऊजना पांढराच तुकडा हवा होता. शेठजी होकार कळवणार होते.

"आधी मला जाऊन येऊ द्या," रेशमा म्हणाली.

धुळ्यात तिने पेढीवर नऊ ब्लाऊज पसरले. एकासारखा दुसरा नव्हता.

"एकाच तऱ्हेचा माल विकायला सोपा," अभयकुमार म्हणाले.

"घरातल्यांना एकदा दाखवा. मग तुम्ही म्हणाल तसं."

त्यांच्या पत्नी तारादेवी आतल्या घरातून आल्या. डाळिंबी रंगाचा, पिवळा तुकडा असलेला ब्लाऊज त्यांनी उचलला आणि खाली ठेवलाच नाही. त्यांच्याकडे भाकऱ्या करणाऱ्या झुंबरबाईंनी दुसराच निवडला. दुकानात आलेल्या दोघी गिऱ्हाइकांचं आपसात जुळेना.

"नऊच्या नऊ तऱ्हा पाठवा," अभयकुमार म्हणाले.

परतीच्या एस.टी.त ती वहीत दहावा ब्लाऊज काढायला बसली. हादऱ्यांनी रेघ सरळ येईना. पारोळ्याला गाडी थांबली, उतारू चहाला उतरले, तेवढ्यात तिने बाही पुरी केली.